विंचवाचं बिऱ्हाड, हुकअपसकट

कर्जत, मुळशी, अलिबाग या बाजूची एक छोटी जाहिरात तुम्ही शंभरदा वाचली असेल. ‘फार्महाऊस सांभाळायला जोडपं पाहिजे. निर्व्यसनी. राहायची सोय. लाइट-पाणी फुकट.’ चार तुकड्यांत अख्खा संसार. नवरा बाग बघणार, बायको झाडलोट करणार. शनिवारी मालक मित्रांना घेऊन आले की दोघं मिळून चूल पेटवणार आणि सोमवारी दोघं मिळून बाटल्या गोळा करणार. मग जाहिरातीतला ‘निर्व्यसनी’ कोणासाठी, हे विचारायचं नसतं.

हीच जाहिरात अमेरिकेत इस्त्री करून येते. ‘डोंगर, तळं आणि पाइनच्या सावलीत उन्हाळा घालवा! हसतमुख, कामसू जोडपं हवं. फुल हुकअप साइट मोफत. हंगाम मे ते सप्टेंबर. शेवटपर्यंत थांबल्यास बोनस.’ आणि मधेच, बारीक आवाजात : ‘आरव्ही स्वतःची असावी.’

म्हणजे कर्जतला निदान खोली मालकाची असते. इथे खोलीसुद्धा कामाला येणाऱ्यानेच ओढत आणायची.

आरव्ही म्हणजे रिक्रिएशनल व्हेइकल. मराठीत मौजगाडी. स्वयंपाकघर, पलंग, संडास, न्हाणी, सगळं चाकावर. काही आरव्ही स्वतः चालतात, काही मोठ्या पिकअप ट्रकला जोडून ओढाव्या लागतात. सुट्टीत भाड्याने घेतली तर ती मौजगाडी, आणि घर विकून तिच्यातच राहायला गेलात तर तेच तुमचं बिऱ्हाड. अशा बिऱ्हाडानिशी हंगामी काम करत फिरणाऱ्यांसाठी तिथे एक शब्द आहे : वर्कॅम्पर. ‘वर्क’ आणि ‘कॅम्पर’ इतके घट्ट चिकटवलेत की मधला एक ‘क’ चेंगरून गेला. या लोकांना काम शोधून देणारं एक नियतकालिक १९८७ पासून तिथे चालू आहे, त्यामुळे ही काही इन्स्टाग्रामने लावलेली चूष नव्हे. इन्स्टाग्रामने फक्त फिल्टर लावला.

गेल्या उन्हाळ्यात भाची आणि भाचेजावयांच्या कृपेने मी पाच दिवस आरव्हीत काढले. भाड्याची होती. कोलोरॅडोतलं सरकारी जंगल, त्यात सरकारी कॅम्पग्राउंड. पण ‘सरकारी’ म्हणजे जमीन सरकारची. तिथल्या फॉरेस्ट सर्व्हिसची कितीतरी कॅम्पग्राउंड्स खासगी ठेकेदार चालवतात, आणि ठेकेदारातर्फे प्रत्यक्ष जागेवर असतो तो कॅम्प होस्ट. होस्ट म्हणजे यजमान. शब्द ऐकून मला वाटलं, कोणीतरी सरबत घेऊन येईल.

यजमान सकाळी सातला आले ते पत्र्याची बादली आणि फावडं घेऊन. वय सत्तरीच्या पुढे, अंगात हिरवं जॅकेट, गुडघ्याला पट्टा. प्रत्येक जागेपुढे शेकोटीसाठी लोखंडी कडं असतं, त्यातली कालची राख काढायचं त्यांचं काम चाललं होतं. फावडं घालण्याआधी ते वाकून राखेवर उलटा हात धरायचे. आपल्याकडे तवा तापलाय का बघताना बायका धरतात तसा. धग लागली तर पाणी ओतायचं, काठीने ढवळायचं, पुन्हा हात धरायचा. एका कड्यापाशी ते बराच वेळ थांबले. राखेतून बिअरच्या बाटल्यांची बुचं, अर्धवट वितळलेला ॲल्युमिनियमचा कागद, मक्याची कणसं आणि मूठभर खिळे निघाले. कोणीतरी जुन्या फळ्या जाळल्या होत्या. खिळे त्यांनी वेगळे वेचून खिशात टाकले. “टायरात जातात,” म्हणाले.

मग कळलं, राख हे त्यातलं स्वच्छ काम.

तिथल्या संडासांना फ्लश नसतो. खाली मोठी बंदिस्त टाकी, वर बैठक. टाकी भरली की उपसायला गाडी येते, पण लोक आत बाटल्या, डायपर, कॅन, काय वाट्टेल ते टाकतात आणि गाडीचा पाइप तुंबतो. तेव्हा लांब चिमटा घेऊन ती रत्नं वर काढायची ती यजमानांनी. याखेरीज पैशाचे लिफाफे गोळा करायचे, खांबावरच्या आरक्षणाच्या चिठ्ठ्या बदलायच्या, सरपण विकायचं, अस्वलं येतात म्हणून खाण्याचे डबे उघड्यावर ठेवणाऱ्यांना समजवायचं, रात्री दहानंतर गाणी लावणाऱ्यांना गप्प करायचं. यजमानीणबाईंकडे दुसरी अर्धी बाजू होती. शिवाय रात्री दोन वाजता दारावर टकटक झाली तर दार दोघांपैकी कोण आधी जागं होईल त्याने उघडायचं. तो वेळ तासांत धरत नाहीत.

“मग तुमचं घर कुठे?” मी विचारलं. अस्सल भारतीय प्रश्न.

त्यांनी फावड्याने तीसेक फुटी ट्रेलर दाखवला. ट्रेलरच्या दारात पायपुसणं होतं, कुंडीत तुळशीसारखं दिसणारं काहीतरी होतं आणि पाटीवर दोघांची नावं. गाडीची नंबरप्लेट साउथ डकोटाची. मी म्हटलं, “अच्छा, साउथ डकोटाचे तुम्ही!” ते हसले. साउथ डकोटात ते एकच रात्र राहिले होते.

ही गंमत खरी आहे. माणूस फिरस्ता असला तरी सरकारला पत्ता लागतो. साउथ डकोटात एका मुक्कामाची पावती आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या कंपनीचा पत्ता दाखवला की तिथलं लायसन्स मिळतं, आणि त्या राज्यात आयकर नाही. त्यामुळे हजारो आरव्हीवाले कागदोपत्री तिथे ‘राहतात’. ज्या देशात माणसं घरात राहून कर्ज फेडतात, त्याच देशात ही माणसं लिफाफ्यात राहतात. आपल्याकडे रेशनकार्ड गावचं, पोट पुण्याचं आणि मतदान ज्याचा ट्रक आधी येईल त्याचं, तसंच साधारण.

तिसऱ्या दिवशी आमच्या भाड्याच्या महालाने दिवा लावला. टाकी भरली. आरव्हीत सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात : भांडी-आंघोळीच्या पाण्याची करडी आणि संडासाची काळी. त्या रिकाम्या करायच्या ते डम्प स्टेशनवर, जमिनीतल्या भोकात पाइप खुपसून. भाचेजावई आयटीतले. हिंजवडीत असताना घरचा नळ गळला तरी ॲपवरून माणूस बोलावणारे. त्यांनी डम्प स्टेशनवर इकडेतिकडे पाहिलं आणि शुद्ध मराठीत विचारलं, “हे कोण करणार?”

भाचीने त्यांना रबरी हातमोजे दिले.

यजमान लांबून बघत होते. जावयांनी आधी करड्या टाकीचा दांडा धरला तसे ते लगबगीने आले. “काळी आधी. मग करडी.” कारण साधं आहे. काळ्या टाकीतून जे जातं ते पाइपातून धुऊन न्यायला मागून साबणाचं पाणी यावं लागतं. उलटं केलंत तर तो पाइप तसाच गुंडाळून कप्प्यात ठेवायचा, आणि पुढचे दोन दिवस सगळ्या प्रवासाला एक सुवास. जावयांनी हुकूम पाळला. पाइप थरथरला, गुरगुरला, शांत झाला. लाखो रुपये पगार घेणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच, आपण काहीतरी काम केलं, असा भाव पाहिला.

मला मात्र आठवलं ते मुंबईचं मंत्रालय. २०२१ साली आपल्या शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं. कॅराव्हॅन येणार, त्यांच्यासाठी पार्क होणार, समुद्रकिनारी चहा पीत सूर्यास्त बघणार. उत्तम. फक्त जावयांचा प्रश्न तेवढा धोरणासोबत जोडून ठेवावा : हे कोण करणार? हाताने मैला काढायला लावण्यास बंदी करणारा सध्याचा कायदा देशात २०१३ सालापासून आहे, आणि तरीही गटारात उतरून माणसं मरतात. अमेरिकेकडून कॅराव्हॅन आणायचीच असेल तर आपली काळी टाकी आपण उपसायची ही चालही पार्सलमध्ये येऊ द्या. ती बहुधा कस्टममध्येच अडेल.

*

आता हिशेब. कारण ‘मोफत’ हा शब्द आला की मराठी माणूस खिसा चाचपतो, आणि बरोबरच करतो.

‘फुल हुकअप’ म्हणजे वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी असलेली जागा. हीच ती मोफत साइट. पण बऱ्याच जाहिरातींत या मोफतची फोड पुढे असते : जागेच्या बदल्यात दोघांनी प्रत्येकी आठवड्याला अमुक तास काम करायचं, त्यावरच्या तासांना पगार. कुठे दहा-बारा तास, कुठे वीस. काही ठिकाणी वरच्या तासांचा विषयच नसतो, कारण तिथे तुम्ही ‘स्वयंसेवक’ असता. काही ठिकाणी सगळ्या तासांचा पगार मिळतो आणि जागेचं भाडं त्यातून कापतात. असे ठेकेदारही आहेत, आणि ते बरे.

वीस तासांचं धरू. अमेरिकेचं केंद्रीय किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर. वीस तासांचे १४५. दोघांचे २९०. चार आठवड्यांचे ११६०. म्हणजे स्वतःचं घर उभं करायला महिन्याकाठी ११६० डॉलरची मेहनत, तीही किमान वेतनाच्या भावाने. आता शेजारची पाटी वाचा. ॲरिझोनात क्वार्ट्झसाइट नावाचं गाव आहे. तिथल्या सरकारी वाळवंटात सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, सात महिने, आरव्ही लावायचा परवाना बरीच वर्षं १८० डॉलरला मिळत आला. वीज नाही, पण पाणी भरायची आणि टाकी उपसायची सोय जवळपास आहे. सात महिने : १८०. चार आठवडे : ११६०. मधल्या फरकाला जाहिरातीत ‘पाइनची सावली’ म्हणतात.

मग सगळे वाळवंटात का जात नाहीत? हिवाळ्यात जातातच, झुंडीने जातात. पण उन्हाळ्यात तिथे माणूस पापडासारखा भाजतो. आणि सरकारी मोकळ्या जमिनीवर फुकट राहायचं तर साधारण चौदा दिवसांनी बिऱ्हाड हलवावं लागतं. स्वतःचं घर आहे, रस्ते आहेत, आभाळ आहे, आणि उभं राहायला जागा नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं असं आपण म्हणतो. विंचवाला पार्किंगचा प्रश्न पडत नाही हे सांगायला विसरतो.

हे ७.२५ तरी सगळ्यांना मिळतात का? तो आकडा २००९ च्या जुलैत लागू झाला, तेव्हापासून तसाच आहे. अनेक राज्यांनी आपापलं किमान वेतन वर नेलंय, अनेकांनी नाही. शिवाय केंद्रीय वेतन कायद्यात एक छानशी खिडकी आहे : करमणुकीचं किंवा सहलीचं ठिकाण वर्षात सात महिन्यांपेक्षा जास्त चालत नसेल, तर त्याला केंद्रीय किमान वेतनातून आणि ओव्हरटाइममधून सूट मिळू शकते. राष्ट्रीय उद्यानांत आणि सरकारी जंगलांत काम करणाऱ्या ठेकेदारांना ही किमान वेतनाची सूट नाही. पण खासगी कॅम्पग्राउंडवाल्याने, राज्याचा कायदा आड येत नसेल तर, अस्वलं झोपतात तेवढे महिने फाटक बंद ठेवलं की झालं. अस्वलाला झोप, मालकाला सूट.

आणखी एक नियम मला फार आवडला. बऱ्याच खासगी आरव्ही पार्कांत दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी घेत नाहीत. पार्कची शोभा जाते. गाडीच्या वयाला मर्यादा आहे. पार्क झाडणाऱ्या, पुसणाऱ्या, राख काढणाऱ्या माणसाच्या वयाला नाही. बहात्तर वर्षांचा माणूस चालतो, अकरा वर्षांची गाडी चालत नाही.

*

हे म्हातारे आले कुठून? सगळे एकाच वाटेने आलेले नाहीत, आणि इथे तिरकसपणा जरा सरळ करायला हवा. निवृत्त शिक्षक, फौजी, पेन्शन भक्कम, घर मुलीच्या नावावर, उन्हाळ्यात जंगलात राहायची हौस : अशी माणसं आहेत, मजेत आहेत, त्यांना माझा सलाम. त्यांना काम आवडलं नाही तर ते इंजिन चालू करतात आणि जातात.

दुसरी माणसं २००८ च्या मंदीत घर किंवा साठवण गमावलेली, घटस्फोट नाहीतर आजारपण अंगावर आलेली. तिथलं सोशल सिक्युरिटीचं पेन्शन बासष्टाव्या वर्षी घेता येतं, पण १९६० किंवा नंतर जन्मलेल्यांना तेव्हा घेतल्यास ते तीस टक्क्यांनी कमी मिळतं, आणि जन्मभर कमीच राहतं. त्या पेन्शनमधून घरभाडं आणि जेवण या दोन्ही गोष्टी होत नाहीत, तेव्हा माणूस एक निवडतो. याच माणसांवर जेसिका ब्रूडर यांचं ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक २०१७ साली आलं, त्यावर क्लोई झाओ यांनी सिनेमा केला, आणि २०२१ साली त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह तीन ऑस्कर मिळाले. टाळ्या भरपूर वाजल्या. ७.२५ तिथेच आहे.

दोघांना जाहिरात एकच जाते. दोघांना पायपुसणंही एकाच दुकानात मिळतं. लांबून दोघं सारखेच स्वतंत्र दिसतात. फरक कळतो तो हंगामाच्या मधे मॅनेजरशी वाजलं की. एकाला गाव असतं. दुसऱ्याला संध्याकाळपर्यंत हुकअप सोडायचं असतं, कारण जागा कामाची होती, काम संपलं. घराचा हप्ता थकला तर बँकेलाही कोर्टाची, नाहीतर कायद्याने घालून दिलेल्या नोटिसांची पायरी चढावी लागते. इथे प्लग काढला की काम झालं.

*

उन्हाळा संपला, कॅम्पग्राउंडं मिटली की ही मंडळी पुढच्या कामाला निघतात. काहीजण भोपळ्याच्या किंवा ख्रिसमसच्या झाडांच्या विक्रीवर. काही वर्षं बरीचशी अ‍ॅमेझॉनच्या गोदामात जायची. २००८ साली कंपनीने खास आरव्हीवाल्यांसाठी ‘कॅम्परफोर्स’ नावाची भरती काढली होती, नाताळच्या खरेदीपुरती. आता ती बंद आहे. आणि बरीचशी जातात उत्तर डकोटा-मिनेसोटाच्या सीमेवर, रेड रिव्हरच्या खोऱ्यात. कशाला? साखरेला!

सांगली-कोल्हापूर-नगरच्या वाचकांनी आता खुर्ची पुढे ओढावी. या खोऱ्यात शुगर बीट पिकतं. कंदापासून साखर. तिथली सगळ्यात मोठी साखर कंपनी अमेरिकन क्रिस्टल शुगर, आणि ती चक्क सहकारी आहे. १९७३ साली बीटवाल्या शेतकऱ्यांनी कंपनी विकत घेतली. आपल्याकडे प्रवरेला विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी हे १९५० च्या सुमारासच करून दाखवलं होतं, तेव्हा या बाबतीत आपण वीसेक वर्षं पुढे. चेअरमनच्या गाडीला तिथे लाल दिवा असतो का, ते कळलं नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला मुख्य काढणी सुरू होते. रात्रंदिवस. बारा तासांची एक अशा दोन पाळ्या. ट्रक येतात, पाइलर नावाच्या अजस्र यंत्रात बीट ओततात, यंत्र त्याचे डोंगर रचतं. आरव्हीवाले ट्रकना हाताने इशारे करतात, सांडलेले बीट फावड्याने ओढतात, यंत्रावरचा चिखल खरवडतात आणि नमुन्याच्या पिशव्या भरतात. त्या नमुन्यावरून साखरेचा उतारा आणि मातीची वजावट ठरते. काटा तिथेही मारतात का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. हवा गरम झाली तर काढणी थांबते, कारण डोंगर आतून सडतो. फार गोठली तरी थांबते. दोनेक आठवड्यांत खेळ संपतो, आणि बीटचे डोंगर हिवाळाभर उघड्यावर, थंडीच्याच फ्रीजमध्ये.

ऑक्टोबर-नोव्हेंबरातच आपल्याकडे ऊसतोडीसाठी बीड, पाथर्डी, आष्टीची गावं रिकामी होतात. तिथे एकक असतं कोयता. एक कोयता म्हणजे एक जोडपं, नवरा तोडणार, बायको मोळी बांधणार. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. त्याचा भाव अर्धा आणि पत त्याहून कमी. आता वरची अमेरिकन जाहिरात पुन्हा वाचा : ‘जोडपं हवं.’ दोघांना लागतं एकच हुकअप, काम मिळतं दोघांचं. एकट्या माणसाला किंवा बाईला ही कामं मिळायला जड जातात, कारण जागा अख्खी अडते आणि हात दोनच मिळतात. विल्यम, जॉन, जेन कोणीही असो, हिशेबात कोयताच.

गंमत पुढे आहे. आपला मुकादम हंगामाआधी उचल देतो. उचल घेतली की माणूस बांधला गेला, फिटेपर्यंत सुटका नाही, खाडा केला की कपात. अमेरिकन मालक आधी काही देत नाही. तो बोनस शेवटी ठेवतो. अमुक तारखेपर्यंत थांबलात तर तासामागे इतका जादा, मधे गेलात तर शून्य. कॅम्परफोर्समध्येही असा शेवटपर्यंत टिकण्याचा बोनस होता. एकाने दोरी पुढून बांधली, दुसऱ्याने मागून. मधे उभा असलेला बैल मात्र म्हणतो, मला कोणी बांधलेलं नाही, मी निसर्गात आहे.

तुलना इथे थांबते, आणि थांबवायलाच हवी. बीटवाल्याला तासाचा पगार मिळतो. त्याच्या कपाळी दोन आठवडे असतात, आपल्याकडे पाच-सहा महिने. त्याच्या खोलीला गादी आणि हीटर आहे, आपल्याकडे पाचटाची कोपी. त्याचं पेन्शन तुटपुंजं असलं तरी दर महिन्याला येतं. आपल्याकडे पोर शाळा सोडून गाडीवर बसतं. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रिया २०१९ साली विधिमंडळात गाजल्या आणि मग रीतसर विरल्या. म्हणून कोणी कॅम्पग्राउंडवरच्या आजोबांना ‘अमेरिकेतला ऊसतोड कामगार’ म्हणू लागला तर मी आडवा येईन. त्याने आजोबांचा मान वाढत नाही आणि बीडच्या बाईचं दुःख स्वस्त होतं.

सारखी आहे ती फक्त युक्ती. राहण्याची जागा आणि काम एकाच खुंटीला बांधायचं, मग पगार वाढवावा लागत नाही. माणूस भांडायला उभा राहिला की पायाखालची जागाच हलते. या युक्तीला चाकं असली काय, नसली काय.

निघायच्या दिवशी सकाळी मी आमच्या कड्यात पाणी ओतलं, काठीने ढवळलं आणि उलटा हात धरून बघितला. यजमान तेवढ्यात बादली घेऊन आलेच. त्यांनीही हात धरला. माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून नाही, सवय म्हणून. मग म्हणाले, “सप्टेंबरनंतर बीटला. मग टेक्सासला. तिथे एका पार्कात ओळख आहे, जागा देतील.” सांगण्याचा सूर असा, जसा आपल्याकडे एखादा वाण्याकडची उधारी सांगतो.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी सोसायटीची मीटिंग होती. विषय क्रमांक चार : वॉचमन बदलणे. सध्याचा जिन्याखालच्या खोलीत बायको-पोरासह राहतो. पगार कमी का, तर ‘राहायची सोय दिलीय ना.’ नवा कधीपासून, तर ‘उद्यापासून.’ मग जुना आज रात्री कुठे झोपेल, हे विचारायला मी हात वर केला. अध्यक्ष म्हणाले, वेळ कमी आहे, विषय क्रमांक पाच घेऊ. पाचवा विषय होता सोसायटीची पावसाळी सहल.

तेव्हा वाचकहो, अमेरिकेच्या जंगलात तुम्ही जाल तेव्हा जाल. तोवर ‘जोडपं पाहिजे, राहायची सोय’ अशी जाहिरात द्यायची वेळ आलीच, तर खाली एक ओळ वाढवा : काम सुटलं तरी खोली एक महिना तुमची. जाहिरातीचे पैसे थोडे जास्त पडतील.